शिक्का नको, वाट दाखवा



दिवाळी सरली की आमच्या अंबड भागात दोन गोष्टींची गडबड सुरू होते. गोदाकाठच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि ज्यांच्या घरी दहावी-बारावीचे मूल आहे ते आईबाप परीक्षेच्या काळजीला लागतात. या दिवसांत विहारातील वंदना आटोपली की एखादी माउली आम्हाला हमखास थांबवते. "भाऊ, थोरला दिवसभर पुस्तक धरून बसतो, पण त्याच्या ध्यानात काही राहत नाही. धाकटी नुसतं ऐकते आणि घडाघडा सांगते. मग थोरल्याचं डोकंच कमी म्हणायचं का?"

हा प्रश्न एका घरचा नाही. हमाली करणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या, जालन्याच्या सळई कारखान्यात पाळी करणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाचा आहे. आणि हा प्रश्न साधाही नाही. "याचं डोकं अभ्यासाचं नाही" असे घरात एकदा ठरले, की पुढच्या हंगामात त्या मुलाच्या हातात कोयता येतो, आणि मुलगी असेल तर स्थळे पाहायला सुरुवात होते. म्हणून या आठवड्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची ताकद वेगळी असते काय? असल्यास त्याप्रमाणे अभ्यास कसा बसवावा?

ठसे पाहून बुद्धी सांगणारे

मुलांमुलांत फरक असतो, हे सांगायला पंडित लागत नाही. कोणाला गाणे एकदा ऐकून पाठ होते, कोणी पाहिलेली वस्तू हुबेहूब काढतो, कोणी सायकल खोलून पुन्हा जोडतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 साली असे मांडले की बुद्धी एक नसून अनेक प्रकारची आहे. भाषा, गणित, संगीत, शरीराचे कौशल्य, माणसे ओळखण्याची हातोटी असे सात प्रकार त्यांनी प्रथम सांगितले. या मांडणीवर वाद झाले, अजूनही होतात. परंतु परीक्षेचे गुण म्हणजेच बुद्धी, या समजाला त्यामुळे धक्का बसला, हे चांगलेच झाले.

पुढे मात्र या विचाराचा बाजार झाला. "तुमचे मूल डोळ्यांनी शिकणारे, तुमचे कानाने, तुमचे हाताने" अशी विभागणी सुरू झाली, आणि ज्या प्रकारचे मूल त्याच प्रकारे शिकवले तरच ते शिकेल, असे सांगण्यात येऊ लागले. 2008 साली अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे संशोधन तपासून पाहिले. मुलाचा 'प्रकार' ठरवून तसे शिकवल्याने ते अधिक शिकते, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खुद्द गार्डनर यांनीही 2013 साली स्पष्ट केले की त्यांचा सिद्धांत म्हणजे शिकण्याच्या 'शैली' नव्हेत.

तरीही आज गावोगाव बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी, आवड आणि भावी नोकरी सांगणारे लोक फिरतात. त्यासाठी हजारो रुपये घेतात. रंगीत कागदांची जाड फाईल हाती देतात. ज्याची दिवसाची मजुरी चारपाचशे रुपये, तो बापही उसनवारी करून पैसे भरतो. आपल्या देशातील मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असे जाहीर केलेले आहे. बोटांवरच्या रेषा मूल आईच्या पोटात असतानाच उमटतात. त्या रेषांवरून आयुष्य सांगणे म्हणजे यंत्र लावून पाहिलेले पंचांगच होय.

आपल्या समाजाने तर याचा विशेष विचार करावा. माणूस जन्मला त्याच वेळी त्याची लायकी ठरली, हे सांगणारी व्यवस्था आपल्या वाडवडिलांनी सोसली. तो शिक्का पुसण्यासाठी किती पिढ्या खपल्या! आता पदरचे पैसे मोजून आपल्याच लेकराच्या कपाळावर दुसरा शिक्का का मारून घ्यावा?

चुल्लपंथकाचे फडके

मग मुलामुलांतला फरक खोटा काय? नाही. फरक खरा आहे. फक्त तो कसा वापरावा हे कळले पाहिजे. यासाठी धम्मपदाच्या अट्ठकथेत आलेली चुल्लपंथकाची कथा फार मोलाची आहे.

महापंथक आणि चुल्लपंथक हे दोघे भाऊ राजगृहातील एका श्रेष्ठीचे नातू. थोरला भाऊ आधी भिक्खू झाला आणि त्याने धाकट्याला संघात आणले. पाठ करण्यासाठी त्याला चार ओळींची एक गाथा दिली. चार महिने गेले तरी ती गाथा त्याला पाठ होईना. पुढची ओळ घ्यावी तर मागची निसटे. शेवटी थोरल्या भावाने सांगितले, "तुझ्याने हे होणार नाही, घरी परत जा." चुल्लपंथक रडत विहाराबाहेर पडला. तेथे त्याला भगवान बुद्ध भेटले. त्यांनी त्याला गाथा दिली नाही. पांढरे स्वच्छ फडके हाती दिले आणि ते हाताने चोळत 'रजोहरणं' म्हणजे 'मळ काढणे' एवढा एकच शब्द म्हणत राहायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले. स्वच्छ होते ते मळाले, म्हणजे सर्व वस्तू बदलतात, आणि मनाचेही तसेच आहे, हे त्याला हातातल्या फडक्यावरून उमगले. ज्याला चार ओळी येत नव्हत्या तो अर्हत झाला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की महापंथक वाईट शिक्षक नव्हता, तो स्वतः ज्ञानी होता. पण त्याच्याकडे शिकवण्याची एकच रीत होती, पाठांतराची. ती चालली नाही तेव्हा त्याने रीत बदलली नाही, विद्यार्थ्याला बाहेर काढले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भगवान बुद्धांनी चुल्लपंथकाला सोपे ज्ञान दिले नाही. अनित्यतेचे तेच कठीण ज्ञान दिले. दार तेवढे बदलले. थोरल्याला जेथे पोहोचायचे तेथेच धाकट्यालाही पोहोचायचे होते.

दुकानांच्या पाट्या

आपल्या काळातील उदाहरण घ्यायचे तर लोककवी वामनदादा कर्डक यांचे घ्यावे. 1922 साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादांना तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती. मुंबईत असताना कोणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला आले आणि आपल्याला वाचता येत नाही याचे त्यांना अतोनात दुःख झाले. मग त्यांनी मुळाक्षरे, बाराखडी शिकून घेतली आणि रस्त्यावरून जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचत वाचन पक्के केले. पुढे त्यांची भीमगीते महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घुमली.

त्यांची मूळची ताकद कानाची आणि गळ्याची होती, हे उघड आहे. "मी ऐकून शिकणारा, मला अक्षरे कशाला?" असे म्हणून ते थांबले असते तर? ते थांबले नाहीत. ताकद जेथे होती तेथून त्यांनी सुरुवात केली आणि जे येत नव्हते तेही मिळवले. अण्णा भाऊ साठे यांचेही असेच. शाळेत दीड दिवस गेलेला हा माणूस मुंबईच्या रस्त्यांवरील पाट्या आणि पोस्टरे वाचत मोठा साहित्यिक झाला.

ताकदीच्या दारातून आत

आमच्या येथे संध्याकाळी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. तेथे आम्ही जे करतो आणि ज्याचा उपयोग होताना दिसतो, ते थोडक्यात सांगतो.

ज्या मुलाला ऐकलेले चटकन पाठ होते, जो वंदना आणि गाथा न अडखळता म्हणतो, त्याने धडा मोठ्याने वाचावा. मग पुस्तक मिटून तोच धडा आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगावा. अशा मुलाचा धोका पोपटपंचीचा असतो. म्हणून त्याला 'का?' असे विचारत जावे. संविधान 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारले गेले आणि 26 जानेवारी 1950 पासून अमलात आले, हे तो धडाधड सांगेल. मधले दोन महिने का थांबले? 26 जानेवारी 1930 रोजी पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळण्यात आला होता, त्याची आठवण म्हणून. हे एकदा समजले की तिन्ही तारखा एकमेकींना धरून राहतात. शेवटी ते उत्तर लिहूनही काढावे, कारण परीक्षेत तोंडाने सांगून गुण मिळत नाहीत.

ज्याला चित्र, नकाशा, आकृती यांत रस आहे, त्याने धड्याचे चित्र करावे. हृदयाचे चार कप्पे, रक्त कोठून येते, कोठे जाते, हे पाटीवर खडूने काढावे, पुसावे, पुन्हा न पाहता काढावे. महाराष्ट्राच्या नकाशात गोदावरी तिच्या उगमापासून काढत आणावी आणि आपला जिल्हा कोठे लागतो ते दाखवावे. नुसते छापील चित्र पाहत बसू नये. पाहिलेले आपले वाटते, पण ते आपले झालेले नसते. आकृती झाली की तिच्याखाली चार वाक्ये लिहावीत.

ज्याचे हात चालतात, ज्याला बसवत नाही, त्याला आपल्या वस्तीत गुरूंची उणीव नाही. भूमितीतील पायथागोरसचा सिद्धांत दहावीच्या मुलांना जड जातो. पण पायाची आखणी करणारा गवंडी काय करतो? एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजतो आणि तिरकी दोरी बरोबर 5 फूट आली की काटकोन झाला म्हणतो. 3 चा वर्ग 9, 4 चा वर्ग 16, मिळून 25, आणि 25 म्हणजे 5 चा वर्ग. बापाच्या हातात गुण्या आणि ओळंबा असताना मुलाला भूमिती परकी का वाटावी? दोरीने मोजून झाले की लगेच वहीत आकृती काढून सिद्धता लिहावी. दोरी हे दार आहे, सिद्धता हे घर.

व्याजाचे गणित येत नसेल तर आईच्या बचत गटाची वही उघडावी. शेकडा 2 रुपये महिना या दराने 5,000 रुपये घेतले, तर महिन्याचे व्याज 100 रुपये आणि 10 महिन्यांचे 1,000 रुपये. म्हणजे वर्षाला शेकडा 24. हिशेबाच्या कामात आमची उमर गेली, त्यावरून सांगतो. आपल्या घरातल्या व्यवहाराचे गणित ज्याला आले, त्याला पुस्तकातले गणित फार दिवस अडवू शकत नाही.

ज्याला माणसांत करमते, त्याने खालच्या वर्गातील मुलांना शिकवावे. दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला कोठे कळलेले नाही ते उघडे पडते. प्रश्न विचारून शिकणे ही तर आपल्या परंपरेतली गोष्ट आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. राजा मिलिंद भदंत नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि नागसेन त्याला रथ, दिवा अशा ओळखीच्या वस्तूंवरून उत्तरे देतात. कठीण गोष्ट ओळखीच्या गोष्टीवरून समजावणे हा शिकवण्याचा राजमार्ग आहे. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्याजवळ शिकले ते जॉन ड्युई हेही अनुभवातून आणि कृतीतून शिकण्यावरच भर देत असत.

सर्वांना लागू पडणारे दोन नियम

मूल कोणत्याही ताकदीचे असो, दोन गोष्टी सर्वांना सारख्याच उपयोगी पडतात.

पहिली म्हणजे पुस्तक मिटून आठवणे. 2006 साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून दोन रीतींनी अभ्यास करून घेतला. एका रीतीत उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या रीतीत तो एकदा वाचून, न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणे पुढे होते. पण आठवड्यानंतर पुन्हा वाचलेल्यापैकी सरासरी 42 टक्के आठवले आणि आठवून लिहिलेल्यापैकी 56 टक्के. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते. दिवसभर पुस्तक धरून बसणाऱ्या थोरल्याचे कोडे बहुधा येथेच सुटते. तो वाचतो, पण आठवून पाहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर ठेवून उजळणी. माणूस शिकलेले किती लवकर विसरतो, हे जर्मनीच्या एबिंगहाउस यांनी 1885 सालीच मोजून दाखवले. म्हणून एकाच रात्री चार तास डोके खुपसण्यापेक्षा आज, परवा आणि पुढच्या आठवड्यात थोडे थोडे आठवावे. आज, परवा, आठवड्याने, एवढे तीन शब्द भिंतीवर लिहून ठेवावेत.

आणि येथे आमच्या न शिकलेल्या माता-भगिनींना आम्ही आग्रहाने सांगतो की हे काम तुम्ही करू शकता. भाकरी थापताना लेकराला समोर बसवा आणि म्हणा, "आज शाळेत काय शिकलास ते सांग, मी ऐकते." अडले की "मग? असं का?" एवढे विचारा. तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल. तुमच्यासमोर आठवून सांगणे हीच त्याची उजळणी. या शिकवणीला फी पडत नाही.

मागे पडण्याची कारणे

मूल मागे पडते तेव्हा "याची ताकद वेगळी" म्हणण्याच्या आधी काही गोष्टी पाहाव्यात. त्याला फळ्यावरचे दिसते का? ऐकू नीट येते का? शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा मुलाला घरी ठेवू नये. साध्या चष्म्याने 'ढ' मुलगा हुशार झालेला आम्ही पाहिला आहे. मूल वर्षात किती दिवस शाळेत होते? आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल चार-पाच महिन्यांनी परत येते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. ते मूल मंद नसते, त्याचे धडे बुडालेले असतात. त्याला वेगळी शैली नको, बुडालेले धडे भरून हवेत. शक्य तेथे अशा मुलांना गावी आजी-आजोबांजवळ ठेवावे आणि वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी त्यांची जबाबदारी वाटून घ्यावी.

काही मुले बोलण्यात तरबेज असतात, पण वाचताना अक्षरे उलटसुलट होतात, लिहिताना कायम चुका होतात आणि मेहनत करूनही सुधारणा होत नाही. हा आळस नव्हे. ही अध्ययन अक्षमता असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत तिचा समावेश आहे. महाराष्ट्रात 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळत आल्या आहेत. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुख्याध्यापकांना भेटून वेळेत चौकशी करावी. ठसे घेणाऱ्याच्या फाईलवर ही सवलत मिळत नाही.

एका खोलीतला अभ्यास

शेवटची अडचण जागेची. एका खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, मोबाईल वाजतो. अशा घरात कोणत्या ताकदीचे मूल अभ्यास करील? बाबासाहेबांचे विद्यार्थीदशेतील घर आठवावे. परळच्या चाळीत एकच खोली, तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा. चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. घरात शांत जागा नव्हती, म्हणून त्या बापाने शांत वेळ शोधून काढला. आपल्याला रात्री दोनला उठवायची गरज नाही. संध्याकाळी दोन तास टीव्ही बंद, मोबाईल आईच्या पदराला, आणि विहार मुलांसाठी उघडे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

या आठवड्यात प्रत्येक घराने एक काम करावे. आपल्या मुलाला काय चांगले जमते ते नीट पाहावे, आणि जो विषय त्याला सर्वांत जड जातो, त्याचा एक धडा त्या ताकदीच्या दारातून शिकवून पाहावा. चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही म्हणून भगवान बुद्धांनी चुल्लपंथकाला घालवून दिले नाही. आपणही एका परीक्षेवरून आपल्या लेकराला घालवून देऊ नये. "याचं डोकं अभ्यासाचं नाही" हे वाक्य आपल्या घरातून कायमचे हद्दपार व्हावे.

जयभीम! नमो बुद्धाय!